हायेत की घरभर

"मोजायचं न्हाई म्हनलं ना! माझ्या घरातली मानसं मोजायला तू कोन रे? यमाचा कारकून लागलास व्हय?"

कलबुर्गीच्या भर बाजारात, एसीच्या दुकानात उभी राहून अक्का ओरडत होती. दुकानाचं दर्शनी अंग सगळं काचेचं. अक्काच्या पहिल्या वाक्याला ती काच थरथरली, दुसऱ्याला भिंतीवरच्या मशीनांची झापडं आपोआप मिटली आणि तिसऱ्याला रस्त्यापलीकडच्या रसवंतीचा चरक जागच्या जागी थांबला. चरक लाइट गेली म्हणून थांबला, असं सांगणारे लोक आहेत. सांगू द्यात. मी तिथं होतो.

बिचाऱ्या दुकानदाराचा गुन्हा काय, तर घराला किती मोठं मशीन लागेल हे ठरवायला त्यानं चार प्रश्न विचारले. खोली केवढी? अक्कानं हात पसरून, वळून, परत पसरून दाखवली. त्यानं अंदाज केला, दहा बाय बारा. वर छत कशाचं? शहाबादी फरशीचं. ऊन कुठल्या बाजूनं येतं? "सकाळी पुढून येतंय, दुपारी डोस्क्यावर बसतंय आन संध्याकाळी मागच्या खिडकीतनं निरोप घ्यायला येतंय. सूर्याला आमच्याबिगर दुसरं गाव न्हाई," अक्का म्हणाली. तोवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग त्यानं चौथा प्रश्न विचारला, की खोलीत माणसं किती असतात?

"हायेत की घरभर."

"तसं न्हवं अक्का. नंबर सांगा. किती?"

आणि मग ते वर सांगितलेलं झालं.

मी अक्काचा शेजारी. आमची भिंतीला भिंत. करजगीतल्या आमच्या गल्लीत चारचाकी माझी एकट्याची, त्यामुळं अक्काला तालुक्याला, दवाखान्याला, लग्नाला आणि कलबुर्गीला नेणं हे माझं जन्मजात काम आहे, असं तिचं ठाम मत होतं. त्या दिवशी मी दुकानदाराच्या नजरेला नजर न देता छताकडे बघत उभा राहिलो. कारण त्याला माहीत नसलेली गोष्ट मला माहीत होती. अक्का माणसं मोजत नाही.

भाकरीसुद्धा मोजत नसे. आमच्याकडे पुष्कळ बायका भाकरी मोजत नाहीत, पण अक्काची तऱ्हा वेगळी. जेवायला कितीजण आहेत हे ती विचारतच नसे. चुलीपुढं बसायची आणि थापत सुटायची. पीठ संपलं की भाकरी संपल्या. तिच्या घरच्या ज्वारीच्या भाकरीची चळत एकदा एवढी उंच झाली, की वरची भाकरी काढायला शिडी लावावी लागली आणि खालची भाकरी निघेपर्यंत पुढच्या वर्षीची ज्वारी आली. एवढ्या भाकरी कुणासाठी, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "हायेत की घरभर." रेशनवाला आला, मतदारयादीवाला आला, लग्नाची पंगत धरणारा आला, सगळ्यांना हेच उत्तर. मोजलेलं कमी होतं, असं तिला वाटायचं. गाई-म्हशी मोजा, पोती मोजा. जिवंत माणसावर बोट ठेवून आकडा बोलू नये.

आणि तिच्या नशिबी नवरा कसा, तर मापाडी! अप्पा तुरीच्या अडतीवर माप घालायचा. धान्याच्या राशीपुढं मांडी घालून बसला, की एका लयीत माप भरायचा, ओतायचा आणि गात गात मोजायचा. आमच्याकडे राशीचं पहिलं माप 'एक' म्हणून मोजत नाहीत. पहिलं माप 'लाभ'. मग दोन, तीन, चार. अप्पाचा तो 'लाऽऽभ' अडतीच्या या टोकाला निघायचा आणि त्या टोकाला जाऊन परत यायचा, तोवर त्याचं सातवं माप ओतून झालेलं असायचं. भर दुपारी पेंगणारे व्यापारी त्या आवाजानं उठून बसत. संसारात दोघांची वाटणी अशी झाली होती, की धान्य अप्पानं मोजायचं आणि माणसं कुणीच मोजायची नाहीत. चांगली चालली होती वाटणी.

अक्काच्या घराचं दार गल्लीवर उघडायचं. उघडायचं म्हणजे उघडंच असायचं. कडी गंजून चौकटीला चिकटलेली. "दुपारचं दार लावून बसाया आपन काय चोरी करून आलाव का?" असं ती म्हणे. त्यामुळं एसटी चुकलेला माणूस तिच्या घरात बसून असे, बांगड्यावाली टोपली टेकवून बसे, तूर निवडायला आलेल्या बायका, पोस्टमन, कुणाकुणाचे व्याही. एकदा एक चोर आला होता म्हणतात. अक्का त्याला म्हणाली, "बस की, कुठं जायलास? च्या घेऊन जा." तो चहा पिऊन, अप्पाच्या पाया पडून, पुढच्या घरी चोरी करायला गेला. पुढचं घर माझं. मी खोटं कशाला बोलू?

पुढं अप्पाला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अक्काचं नाव गेलं, पाणी मागणं गेलं, शिव्या गेल्या. पण महिन्याभरानं एके दुपारी बांगड्यावाली आत येऊन बसली आणि खाटेवरून आवाज आला, "लाऽभ." मागून दोन बायका आल्या. "दोन. तीन." आम्ही सगळे येडे झालो. मोजणं तेवढं शिल्लक राहिलं होतं! डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलणं जातं आणि आयुष्यभर जिभेवर घोळलेलं राहतं. तेव्हापासून अप्पा खाटेवर पडून डाव्या हातानं येणारा-जाणारा मोजायचा. सुरुवात अक्कापासून. तिच्याकडे बोट करून 'लाभ', स्वतःच्या छातीवर ठेवून 'दोन', आणि मग दारातून येईल तो तीन, चार, पाच. आकडा चढेल तसा त्याचा वाकडा झालेला चेहरा सरळ होत जायचा. वीसच्या पुढं गेला की हसायचा.

अक्का चिडायची. "गप ऱ्हावा हो! मानसं मोजत्यात व्हय?" म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवायची. पण दार लावत नव्हती.

करजगीचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. आमच्याकडे वैशाखात सरडा एक पाय टेकवतो आणि तीन पाय हातात घेऊन चालतो. हापशाचं पहिलं घागरभर पाणी चहाला तसंच वापरता येतं. आणि शहाबादी फरशीचं छत म्हणजे डोक्यावर पालथा घातलेला तवा. दिवसा तो तापतो आणि दिवस मावळला की खालच्या माणसाला भाजायला घेतो. धडधाकट माणूस घामावर निभावून नेतो. अप्पाला लकव्यानंतर घाम येईनासा झाला. अंग सुकं, तापलेलं. दुपारी डोळे फिरायचे, झटके यायचे. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर अक्काला सांगितलं, "यांना गार खोलीत ठेवा. नाहीतर हा उन्हाळा निघणार नाही."

म्हणून आम्ही त्या काचेच्या दुकानात उभे होतो.

ओरडून झाल्यावर अक्कानं भिंतीवरचं सगळ्यात मोठं मशीन दाखवलं. "ह्ये दे. ह्याच्यात बसतेत माझी समदी."

"अक्का, ते दोन टनाचं हाय. तुमच्या खोलीला लई मोठं हुतंय. लई मोठं बी चांगलं नसतंय बघा."

"मोठं कवा वाईट आसतंय का रे? तुझ्या आईनं तुला मोठं केलं ते वाईट केलं का?"

दुकानदारानं निमूट पावती फाडली.

मशीन बसलं त्या दिवशी करजगीत जत्रा भरली. माणसं आली, त्यांचे पाहुणे आले, पाहुण्यांच्या गावचे लोक आले. दहा बाय बाराच्या खोलीत एवढी गर्दी झाली, की मधे उभ्या असलेल्या एकाचे दोन्ही पाय दुपारभर जमिनीला लागले नाहीत. अप्पा मोजतोय, मोजतोय, घसा बसला तरी मोजतोय. दार सताड उघडं. अक्का सगळ्यांना चहा देतेय. आणि ते अवाढव्य मशीन सुरू झालं. सुरू झालं तसे गल्लीतले सगळे पंखे म्हाताऱ्यासारखे हळू फिरायला लागले, माझ्या घरचा टीव्ही मिटला, पिठाची गिरणी ज्वारीचा दाणा तोंडात धरून थांबली. मशीननं दोन मिनिटं असा गारठा सोडला की अप्पाचे दात वाजले. मग ठप्प. पुन्हा सुरू व्हायला गेलं की गल्लीतला विजेचा दाब बसायचा आणि मशीन खोकून बंद. गारठा, मग भट्टी. पुन्हा गारठा, पुन्हा भट्टी. संध्याकाळपर्यंत अप्पाला झटका आला.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. त्यानं खांबाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, पूरे मोहल्ले का करंट तुमारा डब्बा पी जारा. ये हमारी लाइन पे नै चलता. छोटा लेव. और दरवाजा खुल्ला रखके क्या पूरी करजगी ठंडी करते?"

"करजगीनं काय पाप केलंय?" अक्का म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता. भिंतीपलीकडून मला ऐकू आला नाही, एवढा बारीक होता; काय म्हणाली ते मला लाइनमननं सांगितलं. अक्काचा आवाज मला ऐकू न येणं ही आमच्या गल्लीतली तोवरची सगळ्यात भयंकर गोष्ट.

सगळ्यात भयंकर म्हणालो, ते बरोबर नाही. त्याच्या आधी एक झाली होती. ती मी इतक्या वर्षांत कुणाला रंगवून सांगितलेली नाही, आताही नाही.

करोनाच्या वेळी घरोघर विचारायला माणूस यायचा, तेव्हा अक्काच्याही दारात आला. घरात किती? अक्का म्हणाली, हायेत की घरभर. तो म्हणाला, अक्का, मला हसू नका, आकडा द्या, मला अजून शंभर घरं करायचीत. उन्हात उभा होता, तोंडावर फडकं, घामानं निथळत होता. अक्काला त्याची दया आली. ती म्हणाली, सहा. ती, अप्पा, मुलगा मल्लू, सून आणि दोन नातवंडं. पंधरवड्यात मल्लूला कलबुर्गीला नेलं. मीच नेलं. तो परत आला नाही. पुढच्या वर्षी सून पोरांना घेऊन पुण्याला कामाला गेली. बरोबरच केलं तिनं. अक्का कधी कुणाला काही बोलली नाही. फक्त मला एकदा, गाडीत, समोर बघत म्हणाली, "म्या आकडा सांगितला रे."

मोठं मशीन गाडीत घालून आम्ही परत कलबुर्गीला गेलो. काचेच्या दुकानात शिरताना दुकानदारानं सवयीनं कानांवर हात ठेवले. पण अक्का खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तुझं ऐकते. सांग."

माणूस भला होता. त्यानं सगळं समजावून सांगितलं. छताला चुना मारा, वर तुराट्यांचा मांडव टाका. मागची खिडकी झाका. दार लावा. एवढं केलं तर एक टनाचं मशीन खोली गार करेल आणि तुमच्या लाइनीवर ते चालेलही. त्याहून मोठं चालणार नाही. "पर अक्का, मानूस म्हंजे शंभरचा बल्ब आसतोय. बसल्या जागी गरमी सोडतोय. धा जन बसले तर धा बल्ब पेटले. मग एक टन पुरनार न्हाई."

"माझ्या घरात मानसं न्हाईत, बल्ब येऊन बसत्यात म्हन की." अक्का हसली नाही.

"घरभर मानसं आसतील तर छोटं पुरत न्हाई, आन मोठं चालत न्हाई. म्हनून इचारायलोय. रागावू नका. खोलीत किती?"

दुकानातल्या सगळ्या मशीनांचा मिळून एकच आवाज चालू होता. मी बाहेर रसवंतीकडे बघत होतो. चरक फिरत होता. मग अक्कानं टेबलावर हात ठेवला. अप्पा माप धरायचा तशी बोटं वळवली, जणू त्यात तूर आहे. एकदा ओतली.

"लाभ," ती म्हणाली.

पुन्हा भरली. ओतायला हात उचलेना. उचलला.

"दोन."

घरी आल्यावर चौकटीला चिकटलेली कडी मला हातोडीनं सोडवावी लागली. गल्लीनं त्या कडीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. पिंपळावरचे कावळे उडाले. बायका आपापल्या दारांत येऊन उभ्या राहिल्या, कुणाचं काय झालं म्हणून.

मशीन अगदी बेताचं होतं, पायाला मापाचा जोडा बसावा तसं. खोली गार झाली आणि गार राहिली. पंखे पळायला लागले, गिरणीनं तोंडातला दाणा दळला. अप्पाचा ताप उतरला. कितीतरी महिन्यांनी तो दुपारचा झोपला. सगळं जसं व्हायला पाहिजे तसं झालं, आणि मी तुम्हाला सांगतो, त्याच्याइतकं वाईट मी दुसरं काही बघितलेलं नाही.

आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं अक्काला जमत नव्हतं. तिनं ओट्यावर घोंगडी अंथरली, माठ बाहेर आणून ठेवला. "बसा की हितंच. ते निजलेत." लोक आपले बसायचे. ओट्यावर ऊन असं पडायचं की पाण्याचा तांब्या धरवत नसे. तरी लोक बसले. चार दिवस, आठ दिवस. मग बांगड्यावालीनं वाट बदलली. पोस्टमन सायकलवरूनच हाक मारून जायला लागला. कुणाचा राग नव्हता. ऊन होतं.

आणि आत अप्पा जागा झाला की मोजायचा. माझ्या भिंतीतून ऐकू यायचं. "लाभ. दोन." मग गप्प. मग दाराकडे बघत असणार. पुन्हा पहिल्यापासून, जरा मोठ्यानं, कुठं चुकलं का ते बघावं तसं. "लाऽभ. दोन." रास संपली हे त्या मापाड्याला पटत नव्हतं. अक्का आता त्याच्या तोंडावर हात ठेवत नव्हती.

एका दुपारी अक्का माझ्याकडे आली. डोक्यावर पदर ओढून, काही चोरून आणल्यासारखी. "फोन लाव रे त्या दुकानदाराला. इचार, एक बल्ब वाढला तर चालतंय का."

मी स्पीकरवर लावला आणि विचारलं. तो हसला, मग म्हणाला, "चालतंय की अक्का. एखादा चालतंय."

अक्कानं माझा दंड धरून मला आत ओढलं आणि मागं दार लावलं. अप्पानं तिच्याकडे बोट केलं. लाभ. स्वतःकडे केलं. दोन. मग बोट पुढं आलं आणि माझ्यावर येऊन थांबलं. आयुष्यात मला पुष्कळ ठिकाणी मान मिळाला आहे. दोन लग्नांत फेटे आणि एकदा चुकून नारळ. पण "तीन!" म्हणून त्या माणसानं जी आरोळी दिली, तसा माझा सत्कार कुठं झाला नाही. मी तिथं भिंतीला टेकून उभा राहिलो आणि शंभरच्या बल्बसारखा ढसाढसा गरमी सोडत राहिलो.

त्या दिवसापासून अक्कानं पाळी लावली. रोज दुपारी एकजण आत. आज गिरणीवाला, उद्या बांगड्यावाली. गल्लीत भांडणं व्हायची, माझी पाळी, तुझी पाळी. एकानं तर दुसऱ्याची पाळी मिळावी म्हणून त्याला आठवडाभर सासुरवाडीला पाठवलं. अप्पा तीनपर्यंत मोजायचा आणि डोळे मिटायचा. आम्हाला वाटलं, जमलं. उन्हाळा निघतो.

अक्का आता करजगीत नाही. सुनेनं पुण्याला नेलं. चौथ्या मजल्यावर राहते. तिथं दारं आपोआप लागतात म्हणे. मी एकदा भेटायला गेलो, तर तिनं एवढ्या भाकरी करून ठेवल्या होत्या की लिफ्ट वर येईना. नातवंडं म्हणाली, आजी, खाणार कोण? तिनं नेहमीचं उत्तर दिलं नाही. माझ्या डब्यात बांधून दिल्या. करजगीच्या त्या दाराला बाहेरून कुलूप आहे, आणि मशीन अजून भिंतीवर आहे.

शेवटची दुपार सांगतो आणि थांबतो.

ढग भरून आले होते, पण पडत नव्हते. हवा अशी, की श्वास घेण्याआधी फुंकर मारावी लागे. त्या दिवशी पाळी कुणाची होती ते आठवत नाही. तो अजून आला नव्हता. एकाएकी खांबावरच्या डबड्यातून धडाड आवाज आला, ठिणग्या उडाल्या आणि गल्लीची लाइट गेली. पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. लाइट रोज जाते. पण झाकलेल्या खिडकीच्या, लावलेल्या दाराच्या त्या खोलीत मशीन बंद पडलं आणि वरचा तवा कामाला लागला. अक्कानं हातपंख्यानं वारा घातला, अंग पुसलं, खिडकीवरचं फडकं ओढून काढलं. मग कडी वाजली. दार भिंतीवर आपटलं. आणि तिचा तो जुना आवाज, भीमेच्या पलीकडं जाणारा, गल्लीत आला:

"या रे! समदे या!"

सगळे आले. ओल्या चादरी घेऊन, सुपं घेऊन, बादल्या घेऊन. गिरणीवाला पिठानं माखलेला आला, बांगड्यावाली टोपली रस्त्यात टाकून आली. खोली भरली, ओटा भरला, खिडकीत तोंडं आली. बायका सुपानं वारा घालत होत्या, मी पाय चोळत होतो, कुणीतरी ओरडत होतं की गर्दी कमी करा, आणि कुणी हलत नव्हतं. त्या गर्दीत आम्ही सगळे पेटलेलो होतो. मला ते कळत होतं. अक्कालाही कळत असणार. तिनं एकालाही बाहेर जा म्हटलं नाही.

अप्पानं डोळे उघडले. बोट उचललं. लाभ. दोन. तीन. चार. आवाज अडतीवरचा लागला, लयीत, माप ओतावं तसा. एकेकावर बोट फिरत गेलं, चेहरा सरळ होत गेला. वीसच्या पुढं गेला आणि हसला. कुठवर मोजलं ते मला माहीत आहे. गोष्टी फुगवून सांगणारा माणूस मी, तुम्हाला वाटेल शंभर सांगेन. तो आकडा मी सांगणार नाही. मोजणं मध्येच थांबलं, बोट एका माणसावर तसंच राहिलं, आणि पुढचा आकडा आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो.

बऱ्याच वेळानं लाइट आली. भिंतीवरचं मशीन बारीक वाजलं, झापड उघडलं आणि वारा सोडायला लागलं. कुणी रडायचं थांबलं नाही. खोली भरलेलीच होती, दार उघडंच होतं. मला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी अक्काजवळ वाकलो.

"अक्का, मशीन सुरू झालंय, पर गार काई होईना. मानसं भाईर काढू का? दार लावू?"

अक्का अप्पाच्या धोतराचा सुटलेला सोगा खोचत होती. तिनं वर बघितलं नाही.

"ऱ्हाऊ दे. ते दोघांचंच हाय."